बंदूक नाही, नुसती पेटी: जुन्या शिकारी पेट्या दुरुस्त करू पाहणाऱ्या नागपूरकरांसाठी

महालातल्या जुन्या वाड्यांचे माळे, सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांमधल्या कोठ्या, कामठीतले कबाडी. अशा ठिकाणी अजूनही अधूनमधून एक चपटी, जड, चामड्याने मढवलेली पेटी निघते. लांबी साधारण 32 इंच, रुंदी वीतभर, जाडी चार बोटं. कोणी तिला व्हायोलिनची पेटी समजतं, कोणी तिच्यात शेतीचे कागद ठेवतं. झाकण उघडल्यावर आत लाल, हिरवी किंवा निळी बनात (म्हणजे जाड लोकरी कापड) आणि फळ्या लावून पाडलेले लांबट कप्पे दिसले, तर ती दुनळी बंदुकीची पेटी. दुनळीची नळी दस्त्यापासून सोडवता येते, म्हणून पेटी बंदुकीपेक्षा बरीच आखूड असते.

अशा पेट्या आपल्याकडे निघतात याचं कारण उघड आहे. 1861 पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी, शेजारी कामठीची छावणी, आणि जंगल तर घराच्या मागे लागलेलं. साहेब लोक शिकारीला जात, त्यांच्याबरोबर मालगुजारही जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. घरोघरच्या बंदुका हळूहळू विकल्या गेल्या किंवा जमा झाल्या, पेट्या मात्र मागे राहिल्या. या पेट्या दुरुस्त करण्याच्या छंदाला बंदूक लागत नाही, परवाना लागत नाही, मोठी जागाही लागत नाही. एक टेबल, चांगला उजेड आणि नागपूरच्या हवेचा अंदाज एवढं पुरतं. यातला हवेचा अंदाज सगळ्यात महत्त्वाचा. इंग्रजी पुस्तकांत या कामाच्या ज्या रीती दिल्या आहेत त्या ओल्या, थंड देशातल्या आहेत. आपल्याकडे कोणतं काम कोणत्या महिन्यात करायचं हे आधी ठरवावं लागतं.

घेण्याआधी: कायद्याच्या दोन-तीन गोष्टी

रिकामी पेटी म्हणजे शस्त्र नाही. पण 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हणताना त्याचे सुटे भागही धरले आहेत, आणि काडतुसांवरही तोच कायदा लागतो. म्हणून विकणाऱ्याच्या दारातच सगळे कप्पे उघडून बघा. कोपऱ्यातल्या छोट्या झाकणाच्या कप्प्यात काहीतरी राहून गेलेलं असू शकतं. नळी, चाप, घोडा किंवा काडतूस असं काही निघालं तर ‘घरी नेऊन बघू’ म्हणू नका. वस्तू जागेवरच राहू द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायला सांगा. आत स्प्रिंग बसवलेली निकेलची खोटी काडतुसंही मिळतात, घोडा रिकामा पाडताना नळीत घालायची. ती खोटी आहेत हे परवानाधारक विक्रेत्याने पाहून सांगितल्याशिवाय गृहीत धरू नका. साफसफाईचा गज, तेलाची कुपी, पेचकस यांना हरकत नाही. ते असतील तर उलट पेटीचं मोल वाढतं.

पेचकसाची मूठ आबनुसाची किंवा म्हशीच्या शिंगाची असेल तर प्रश्न नाही. हस्तिदंत वाटला, किंवा पेटीला सांबराचं किंवा इतर रानटी प्राण्याचं कातडं लावलेलं दिसलं, तर नवख्याने ती सरळ सोडून द्यावी. आणि पेटी 100 वर्षांहून जुनी असली तर ती परदेशी विकायचा विचार पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय करू नका. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर 1972 च्याच पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

ओळख पटवा

झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा विक्रेत्याचं छापील लेबल असतं. आपल्याकडे कलकत्त्याची नावं सापडण्याचा संभव जास्त: मँटन, रॉडा, लायन अँड लायन. 26 ऑगस्ट 1914 ला क्रांतिकारकांनी कलकत्त्यात ज्या कंपनीची 50 माउझर पिस्तुलं पळवली, ती हीच रॉडा. विलायती पेटी असेल तर बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर किंवा लंडनची हॉलंड अँड हॉलंड, पर्डी अशी नावं दिसतील. लेबलावरचा पत्ता नीट वाचा, कारण दुकानं जागा बदलत, नावंही बदलत. ‘हॉलंड अँड हॉलंड’ हे जोडनाव 1876 चं आहे, म्हणजे ते नाव छापलेली पेटी त्याआधीची असूच शकत नाही.

मग बांधणी पाहा. सगळ्यात भारी पेट्या ओकच्या लाकडाच्या, वरून जाड चामडं, कोपऱ्यांना पितळ. त्याखालच्या कॅनव्हासने मढवलेल्या, फक्त कडांना चामडं. तिसरा प्रकार बोकडाच्या तंगडीच्या आकाराचा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता, नुसत्या चामड्याचा. शिकायला कॅनव्हासची पेटी घ्या. ती स्वस्त पडते आणि चूक झाली तरी झाकता येते. ओक-चामड्याच्या पेटीवर पहिला हात साफ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नळीच्या कप्प्याची आतली लांबी टेपने मोजून लिहून ठेवा. 30 इंचांच्या नळीचा कप्पा 28 इंचांच्या नळीला सैल होतो, त्यामुळे पुढे कोणी परवानाधारक पेटी मागायला आला तर पहिला प्रश्न हाच विचारतो.

वर्षाची आखणी

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर चढतो आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते. ऑगस्टात सकाळची आर्द्रता तर 80 च्या पुढे. लाकूड, चामडं आणि लोकर हवेबरोबर आकसतात-फुगतात, पण तिघांचं प्रमाण वेगळं. या ओढाताणीतच झाकण वाकतं, टाके उसवतात आणि बनात सुरकुतते.

चामडं, सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) आणि बनात यांची सगळी कामं दिवाळी ते होळी. या चार महिन्यांत हवा कोरडी पण बेताची असते, सरस नीट धरतो आणि बुरशीची भीती नसते. होळीनंतर पितळ, कुलूप, नकाशे, कागदी साचे. नवतपात चामड्याला हात लावू नये. पावसाळ्यात काहीच करायचं नाही, फक्त आठवड्यातून एकदा झाकण उघडून वास घ्यायचा आणि टॉर्चने कोपरे बघायचे.

आणि कूलर! पेटी कूलरच्या खोलीत ठेवणं हा नागपुरातला हमखास घात. दिवसभर ओली हवा, रात्री पंप बंद झाला की कोरडी, असं दोन महिने चाललं की शंभर वर्षं टिकलेला सांधा उघडतो. पेटी कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल घड्याळ शेजारी ठेवलं की अंदाजपंचे काम उरत नाही. 45 ते 55 टक्के म्हणजे उत्तम.

पहिला आठवडा: दुरुस्ती नाही

पेटी मूठ धरून उचलू नका. शंभर वर्षांच्या मुठीचे टाके वरून धड दिसतात आणि आतून कुजलेले असतात. दोन्ही हातांनी खालून धरा.

सगळ्या बाजूंचे फोटो काढा, आतल्या प्रत्येक फळीचेही. मग वऱ्हांड्यात, तोंडाला एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशने धूळ झाडा. बनातीवर व्हॅक्यूम क्लीनर चालवायचा तर नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, म्हणजे सुटलेले धागे आत ओढले जाणार नाहीत. बुरशीचा पांढरा थर वाळलेला असतानाच झाडायचा. ओल्या फडक्याने पुसला की तो पसरतो. पेटी उन्हात टाकायची सवय सोडा. आपलं ऊन बुरशी मारतं तसं चामडंही मारतं.

लाकडाचा ताजा पिठूर किंवा बनातीत बारीक छिद्रं दिसली तर आत किडे आहेत. पेटी जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली की किडे, अळ्या, अंडी सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पॉलिथिन दिवसभर उघडू नका, नाहीतर दव पेटीवरच बसेल. एवढा मोठा फ्रीझर घरी नसतो. आइस्क्रीमवाल्या ओळखीच्या माणसाला हिवाळ्यात विचारावं, तेव्हा त्याचा फ्रीझर अर्धा रिकामा असतो. डांबराच्या गोळ्यांनी काम भागत नाही, वास मात्र वर्षभर जात नाही.

कुठे रेल्वेची किंवा आगबोटीची चिठ्ठी चिकटवलेली असली, झाकणावर मालकाच्या नावाची आद्याक्षरं रंगवलेली असली, तर ती जशीच्या तशी राहू द्या. पेटी कुठे कुठे फिरली हे सांगणारा तेवढाच कागद आपल्यापाशी असतो.

चामडं

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त नुकसान करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

स्वच्छ पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळा आणि पेटीच्या कडेवर, जिथे हात लागतो तिथे, हलकेच फिरवा. फडक्यावर विटकरी लाल भुकटी आली तर चामड्याला ‘रेड रॉट’ झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या साल-कमावलेल्या, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात हा रोग फार. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू चामडं शोषून घेतं, त्याचं आम्ल बनतं आणि तंतू आतून तुटत जातात. हा बरा होत नाही, फक्त थोपवता येतो.

अशा चामड्याला पाणी लावलं की ते तिथल्या तिथे काळं पडतं आणि कडक होतं. तो डाग पुन्हा निघत नाही. तेलही नको. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं आणि ‘चामड्याला जवस पाजा’ असं सांगणारे वडीलधारेही असतात. जवसाचं तेल हवेत वाळून चिकट थर बनतं, त्यावर धूळ बसते आणि चामडं काळवंडतं. बैलगाडीच्या जुवाला ते चालत असेल, पेटीला नाही. खोबरेल उन्हाळ्यात पातळ होऊन बनातीपर्यंत झिरपतं.

रेड रॉटवर उपाय म्हणजे हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज. बाजारात ते क्लुसेल जी या नावाने येतं. ग्रंथालयांत जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकांना हेच लावतात. 100 मिलिलीटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 2 ग्रॅम भुकटी, थोडी थोडी शिंपडत, ढवळत घाला आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ते पातळ पाकासारखं होतं. मऊ ब्रशने एक पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. फडक्यावर भुकटी येईनाशी झाली की थांबा. आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी करून बघा, रंग किंचित गडद होतो. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवाही शांत झालेला. हे काम मे महिन्यात नको असं म्हणण्याचं हेही एक कारण: त्या उष्णतेत अल्कोहोल चामड्यात मुरण्याआधीच उडतं आणि वर पांढुरका पापुद्रा राहतो.

भुकटी न येणारं, धड असलेलं चामडं कोरड्या फडक्याने पुसून त्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि मऊ कापडाने चोळा. चकचकीत बुटासारखी चमक काढू नका. पेटी वापरलेली दिसली पाहिजे.

उसवलेल्या शिवणीला मेण चोळलेला लिननचा दोरा आणि दोन सुया. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई काढून टाका घट्ट ओढायचा, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. घोड्याचं सामान शिवणारे कारागीर आता फार उरले नाहीत. मी ज्यांच्याकडे बसून हे पाहिलं ते सत्तरी ओलांडलेले काका आरी हातात घेण्याआधी चामडं बराच वेळ उजेडात फिरवून बघत, आणि म्हणत, “भाऊ, जुन्या भोकातूनच जा. नवीन भोक पाडलं का चामडं फाटते.” जुन्या भोकांतून सुई जात नसेल तर आरीने नुसतं मोकळं करा, मोठं करू नका.

मूठ किंवा पट्टा नवा करायचा तर चामडं साल-कमावलेलंच घ्या. दुकानदार काहीही सांगो, कापलेली कड बघा: आत निळसर राखाडी छटा असेल तर ते क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं. साल-कमावलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब पडला की तो शोषला जातो आणि जागा गडद होते. जोड द्यायच्या तुकड्याच्या कडा रापीने (चांभाराच्या सुरीने) सोलून कागदाइतक्या पातळ करा, म्हणजे जोडावर उंचवटा येत नाही.

लाकूड आणि सरस

सांगाडा सुटला असेल तरच लाकडाकडे वळा. जुन्या पेट्या सरसाने जोडलेल्या असतात आणि सरसाचा मोठा गुण हा की तो ओल आणि ऊब दिली की सुटतो. म्हणून दुरुस्तीलाही सरसच. फेविकॉल मजबूत आहे, पण पुढच्या माणसाला तो सांधा लाकूड न फोडता उघडता येणार नाही.

सरसाचे खडे रात्रभर थंड पाण्यात फुगवा आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात भांडं ठेवून साठ अंशांपर्यंत तापवा. उकळला की त्याची ताकद जाते. सांध्यातला जुना सरस कोमट फडक्याने मऊ करून काढा, नवा लावा, शिकंज्यात एक दिवस ठेवा. वाकलेलं झाकण दाबून सरळ करू नका; ओक तडकतो. तुकडा बदलायची वेळ आलीच तर लकडगंजात जुन्या दारांचं, चांगलं मुरलेलं सागवान मिळतं. रंगाला ओकच्या जवळ जातं, आणि बनातीखाली झाकलं जाणार असेल तर प्रश्नच नाही.

बनात

सगळी बनात काढून नवी टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. टाळा. निम्म्याहून जास्त कापड शाबूत असेल तर ते ठेवा आणि फक्त भोकं भरा. आतल्या बाजूच्या, न दिसणाऱ्या कडेवरून ब्लेडने थोडी लोकर खरवडून घ्या, मैद्याच्या खळीचा अगदी बारीक ठिपका भोकात द्या आणि ती लोकर बोटाने दाबून बसवा. हातभर अंतरावरून भोक दिसत नाही.

पूर्ण बदलायचीच वेळ आली तर एक कप्प्याची फळी हलकेच उचला. तिच्याखाली शंभर वर्षं उजेड पोहोचलेला नसतो. वरचं कापड मळकट तपकिरी आणि फळीखालची पट्टी एकदम डाळिंबी लाल, असं बघायला मिळतं. तोच पेटीचा खरा रंग. त्या पट्टीचा तुकडा खिशात घालून कापड शोधायला निघा. गांधीबागेत सिंथेटिक फेल्ट ढीगभर मिळतं, ते घेऊ नका. चमकतं आणि दोन वर्षांत गोळे धरतं. लोकरीचं कापडच हवं. बिलियर्डच्या टेबलाचं कापड उत्तम, आणि टेबलाचं कापड बदलणाऱ्या कारागिराकडे उरलेले पट्टे असतात. हिरव्या पेटीला ते नेमकं बसतं.

आधी प्रत्येक कप्प्याचा जाड कागदाचा साचा काढा. कापड साच्यापेक्षा अर्धा इंच मोठं कापा. चिकटवायला मैद्याची घट्ट खळ, आणि ती लाकडावर लावायची, कापडावर नाही. कापडावर लावली की ती धाग्यांतून वर येते आणि वाळल्यावर टणक डाग पडतो. खळीत लवंगतेलाचे दोन थेंब टाकले तर बुरशी लांब राहते. तळ आधी, बाजू नंतर, फळ्या सर्वांत शेवटी. कोपऱ्यात कापड ताणू नका, नखाने बसवत जा. जास्तीचं कापड खळ पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडने कापायचं. ओल्या बनातीवर ब्लेड चालवलं की ती ओढली जाते.

पितळ, कुलूप, लेबल

पितळ आणि चामडं जिथे भेटतात तिथे हिरवा, मेणचट थर साचतो. चामड्यातली चरबी तांब्याशी मिळून तो बनतो. बांबूच्या काडीने खरवडा, उरलेलं टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा. चिंच आणि पितांबरी समईसाठी ठेवा. दोन्हीतलं आम्ल शेजारच्या चामड्यात उतरतं आणि भुकटी शिवणीत अडकून पांढरी दिसत राहते.

किल्ली नसलेलं कुलूप फोडू नका. इतवारीत अजून जुनी लिव्हरची कुलूपं उघडणारे आणि मेणावर ठसा घेऊन किल्ली कापणारे लोक आहेत. कुलपावर ‘ब्रामा, 124 पिकॅडिली’ असा ठसा आणि गोल नळीसारखं भोक असेल, तर मात्र त्यांनाही हात लावू देऊ नका. ते वेगळंच यंत्र आहे. कुलपात तेल घालायचं नाही, शिसपेन्सिलीची भुकटी घालायची.

लेबल सुटलं असेल तर खळीचा पातळ थर आणि वरून कोरडा टीपकागद, वर वजन. डाग पुसायला जाऊ नका. इंग्रजी लेबलांच्या हुबेहूब नकला विकत मिळतात. त्या लावणं मला पटत नाही. कोणाला लावायचीच असेल तर मागे आजची तारीख पेनने लिहावी.

शेवटी, कोणी मागितली तर

दुरुस्त पेटी परवानाधारकाला देत असाल तर एक गोष्ट आवर्जून सांगा: बंदूक तिच्यात कायमची ठेवायची नाही. बनात ओल धरते, चामड्यातलं आम्ल पोलादाला लागतं आणि एका पावसाळ्यात नळीवर गंजाचे ठिपके उमटतात. पेटी प्रवासासाठी होती. सोबत एक कागद द्या, त्यावर काय मूळचं आहे, काय बदललं, कोणता गोंद वापरला हे लिहा. बनात नवी असेल तर जुनीचा एक तुकडा त्या कागदाला टाचा.